एडिसन ते ऑरलँडो : साबा-साबु, दोन पोरं आणि साडेदहाशे मैल

शेवंती | १४ सप्टेंबर

नमस्कार मंडळी. धागा काढायच्या आधी शोधून बघितलं, पण जे सापडलं ते सगळं 'आम्ही दोघं आणि आमची कार' छापाचं. आमचं गणित जरा वेगळं आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून फ्लोरिडातल्या ऑरलँडोला, डिस्नी वर्ल्डला जायचंय.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जर्सीच्या शाळांना शिक्षकांच्या अधिवेशनाची गुरुवार-शुक्रवार सुट्टी आहे, मंगळवारी इलेक्शन डे. मधले दोन दिवस बुडवले की आख्खा आठवडा मिळतो. लेक नऊ वर्षांची आहे आणि जानेवारीत दहाची होईल, म्हणजे डिस्नीच्या हिशेबी मोठी. मुलांचं तिकीट तीन ते नऊपर्यंतच. लेक चार वर्षांचा. साबा-साबु (सासूबाई आणि सासरेबुवा) जूनपासून इथे आहेत आणि थँक्सगिव्हिंगनंतर परत जातील. त्यामुळे यंदाच जायचं ठरलंय.

नवरा म्हणतो गाडीनेच जाऊ. व्हॅन आहे, सातजणांची. मला मात्र रात्री झोप लागत नाहीये. साबुंना (वय ७१) गुडघ्याचा त्रास आहे, साबांना शुगर. लेकाला वळणावर उलटी होते. साडेदहाशे मैल, न थांबता सोळा तास. आमच्या बाबतीत 'न थांबता' हा विनोदच समजा.

प्रश्न असे: एका दिवसात की दोन? मुक्काम कुठे? आणि तिथे गेल्यावर ज्येष्ठ मंडळी आठ तास करतील काय?

चकली_फुटली | १४ सप्टेंबर

विमानाने जा. धागा संपला.

बरं, दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या). आम्ही हा प्रवास दोनदा केलाय. एकदा हौसेने आणि एकदा पहिल्यांदाचं विसरलो म्हणून. नूअर्कहून ऑरलँडो तीन तासांचं विमान आहे. त्यासाठी येऊन-जाऊन चार दिवस डांबराकडे बघत बसायचं?

शेवंती | १४ सप्टेंबर

@चकली_फुटली, सहा तिकिटं, सहा बॅगा, वर तिकडे व्हॅन भाड्याने. याउलट एकवीसशे मैल, पंचवीसचं अ‍ॅव्हरेज धरलं तर चौऱ्याऐंशी गॅलन. तीन डॉलरने अडीचशेच्या आसपास. टोल आणि दोन्ही वेळचे मुक्काम धरले तरी बरंच कमी पडतं. शिवाय साबांची औषधं, राइस कुकर, लेकाची उशी... नवऱ्याने एक्सेल केलंय हो, नाहीतर मी तुमच्याच बाजूची.

टोलनाका | १५ सप्टेंबर

उत्तर व्हर्जिनियात राहतो. दोन्ही दिशांना मिळून नऊ वेळा केलंय, तेव्हा थोडं लांबण लावतो.

एका दिवसात अजिबात नको. गाडी चालवणारे दोघं असलात तरी मागे बसणाऱ्यांची पाठ एकच असते. पहिल्या दिवशी सहाशे मैल, दुसऱ्या दिवशी साडेचारशे. असं केलंत की मुक्काम साऊथ कॅरोलायनातल्या फ्लॉरेन्सला पडतो. आय-९५ आणि आय-२० हे हायवे तिथे मिळतात, हॉटेलं भरपूर. सहाशे जास्त वाटत असतील तर नॉर्थ कॅरोलायनातच लंबर्टनला थांबा. पन्नासेक मैल कमी.

शनिवारी पहाटे चारला निघा. आय-९५ वरचा सगळ्यात वाईट तुकडा वॉशिंग्टन ते फ्रेडरिक्सबर्ग, जेमतेम पन्नास मैलांचा. तो सकाळी साडेसात-आठला पार केलात तर दिवस तुमचा. दहानंतर त्यात सापडलात तर दुपार तिथेच. एक्सप्रेस लेन मिळाली आणि टोल झेपेल असा दिसला तर घ्या. तिथे पैसे वाचवण्यात शहाणपण नाही.

रिचमंडमधून सरळ जाऊ नका, आय-२९५ ने वळसा घ्या. रिचमंडनंतर रस्ता सपाट, दोन्हीकडे पाइनची झाडं आणि कंटाळा. कंटाळा म्हणजे वळणं नाहीत. तुमच्या लेकाला तेच हवंय.

टोल: डेलावेअर मेमोरियल ब्रिजवर फक्त दक्षिणेला जाताना घेतात, मेरीलँडमधल्या सस्क्वेहाना नदीपाशी फक्त उत्तरेला येताना. बाल्टिमोरच्या बोगद्याला दोन्हीकडून. व्हर्जिनिया लागलं की, एक्सप्रेस लेन सोडली, तर आय-९५ फुकट. फ्लोरिडाच्या टोलरस्त्यांवर आता आपला टोलचा इझी-पास चालतो. नवीन काही घ्यायला नको.

आणि हे ठळक अक्षरात समजा: व्हर्जिनियात ८५ च्या वर सापडलात तर ते साधं तिकीट नसतं, 'रेकलेस ड्रायव्हिंग' म्हणजे फौजदारी गुन्हा. लिमिट ७० असलेल्या रस्त्यावर ८६ व्हायला वेळ लागत नाही. रडार डिटेक्टरलाही तिथे बंदी आहे. क्रूझ कंट्रोल लावा आणि भजनं ऐका.

निवांत_नाना | १५ सप्टेंबर

आय-९५ म्हणजे ट्रकच्या मागे ट्रक. आय-८१ ने या. हॅरिसबर्ग, मग शेनन्डोआची दरी, पुढे आय-७७ ने शार्लट, कोलंबिया, आणि खाली परत ९५. शंभरेक मैल जास्त, पण डोळ्यांना सुख. वाटेत लुरेच्या गुहा बघता येतील.

टोलनाका | १५ सप्टेंबर

नाना, ट्रक चुकवायला ८१? तिथे तर चढावर दोन ट्रक एकमेकांना ओव्हरटेक करतात आणि मागे आपण म्हातारे होतो. आणि आय-७७ व्हर्जिनियातून खाली उतरतो तो घाटच की. लेकाच्या उलटीचं वर लिहिलंय, वाचलंत ना?

निवांत_नाना | १५ सप्टेंबर

तो मुद्दा निसटला. माघार. (पण दरी सुंदर आहे.)

सदाशिव_नव्हे_नारायण | १६ सप्टेंबर

अवांतर: आम्ही पुण्याहून खोपोलीला इमॅजिकाला जातो तेव्हा सौ. लोणावळ्यापासूनच 'आलं का' विचारते. तुम्हा लोकांना साष्टांग नमस्कार.

झुरमुर | १६ सप्टेंबर

डिस्नीवेडी हजर आहे. आता जरा वाईट बातमी. हाच आठवडा ऑरलँडोत 'जर्सी वीक' म्हणून ओळखला जातो. तुम्हाला सुचलं ते सगळ्या न्यू जर्सीला सुचलेलं असतं. रांगेत मागे-पुढे एडिसन आणि पारसिपनीच भेटेल. गुरुवार-शुक्रवारी पार्क टाळा, सोम-मंगळ-बुध वापरा.

चारही पार्क करू नका. चार वर्षांचं मूल, गुडघे आणि शुगर एवढं सोबत असताना दोन पुरेत. मॅजिक किंगडम आणि अ‍ॅनिमल किंगडम. एपकॉटमध्ये चालणं फार आहे, हॉलिवूड स्टुडिओज मध्ये थरारक राइड्स जास्त. २०२५ च्या मे महिन्यात उघडलेल्या युनिव्हर्सलच्या एपिक युनिव्हर्सचा लेकीने हट्ट धरला तर तिला म्हणावं कॉलेजात गेल्यावर.

लेकाची उंची आजच मोजा, बूट घालून. ३८ इंचाला सेव्हन ड्वार्फ्स ही राइड मिळते, ४४ ला स्पेस माउंटन. अर्ध्या इंचाने हुकलं की गेटवर भोकाड ठरलेलं, आणि तिथली मंडळी हातातल्या पट्टीपुढे कुणाचं ऐकत नाहीत. मूल छोटं म्हणून तुम्हाला राइड सोडायची गरज नाही. 'रायडर स्विच' मागा. एकजण मुलापाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला परत रांग लावावी लागत नाही. लेकीला दोन्ही वेळा बसता येतं, हा तिचा फायदा.

लायटनिंग लेनवर वेगळा धागा लागेल. थोडक्यात, रांग टाळायचे जादा पैसे. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना सात दिवस आधी घेता येतं, बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी, सकाळी सातला. अलार्म लावा.

शेवंती | १६ सप्टेंबर

@झुरमुर, मोजली. बूट घालून ३९. लेक आता घरभर बूट घालूनच फिरतोय.

पण साबा-साबुंचं काय? साबांनी काल स्पष्ट विचारलं, "मी त्या पाळण्यात बसणार नाही. मग दीडशे डॉलर कशाचे?"

झुरमुर | १६ सप्टेंबर

प्रश्न रास्त आहे. मॅजिक किंगडममध्ये त्यांच्यासाठी आगगाडी आहे, पार्कभोवती फिरते. टुमॉरोलँडमध्ये पीपलमूव्हर आहे, वरून हळूहळू फिरवते आणि वाराही लागतो. कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसमध्ये वीस मिनिटं एसीत बसायला मिळतं. अ‍ॅनिमल किंगडममध्ये सफारी, उघड्या ट्रकमधून, उंचीची अट नाही.

साबुंसाठी व्हीलचेअर किंवा बॅटरीवरची ईसीव्ही घ्या. पार्कात भाड्याने मिळतात पण आगाऊ राखून ठेवत नाहीत, उशिरा गेलात की संपतात. बाहेरचे लोक हॉटेलवर आणून देतात, ते बरं. 'मला काही झालेलं नाही' हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेल. ऐका आणि तरी घ्या.

अजून एक, मॅजिक किंगडमची पार्किंग पार्कापाशी नाही. गाडी लावा, मग मोनोरेल नाहीतर बोट, मग गेट. पाऊण तास धरा. आणि नोव्हेंबरपासून ख्रिसमसच्या तिकीटवाल्या पार्ट्या सुरू होतात. त्या दिवशी बाकीच्यांना सहाला बाहेर काढतात. आतषबाजी बघायची असेल तर कॅलेंडर बघून दिवस निवडा.

मीठभाकर | १७ सप्टेंबर

ऑरलँडोकर. हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा किसिमीत किंवा चॅम्पियन्सगेटला घर भाड्याने घ्या. स्वयंपाकघर मिळतं, वॉशर-ड्रायर मिळतो, तीन-चार बेडरूम. साबांना सकाळी स्वतःच्या हाताने चहा करता आला की निम्मी भांडणं होतच नाहीत. (स्वानुभव.) पार्कात गाडी लावायचे रोजचे वेगळे पैसे पडतील, ते धरून चाला.

डिस्नीत बाहेरचं खाणं नेऊ देतात हे पुष्कळांना माहीत नसतं. काचेची बरणी नको, सुटा बर्फ नको. थालीपीठ, दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या खुशाल न्या. खाण्याच्या काउंटरवर गार पाण्याचा पेला मागितला की फुकट देतात. साबांची शुगर असल्याने जेवणाच्या वेळा पाळायला हे बरं पडेल. बाहेर खायचंच असेल तर अ‍ॅनिमल किंगडम लॉजमधलं सना. तिथे नान आणि नऊ तऱ्हेच्या चटण्या मिळतात, मुलं जिराफ बघत बसतात. कॅसलबेरीला मोठं हिंदू मंदिर आहे, पार्कांपासून लांब पडतं पण एक संध्याकाळ छान जाते.

चकली_फुटली | १७ सप्टेंबर

ज्येष्ठांचा ट्रॅव्हल इन्शुरन्स आधीच्या आजारांना काय-कितपत धरतो ते आजच वाचा, बारीक टायपासकट. औषधं डिकीत नको, पायापाशी. दर दोन तासांनी दोघांना उतरवून चालवा, नको म्हणाले तरी. विमानाचा मुद्दा मी सोडलेला नाही, हे नोंदवून ठेवते.

गार्डाचा_डबा | १८ सप्टेंबर

एवढ्या प्रतिसादांत ऑटो ट्रेन कुणालाच आठवली नाही? व्हर्जिनियात लॉर्टनला गाडी आगगाडीत चढवायची, आपण डब्यात बसायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लोरिडात सॅनफर्डला दोघंही उतरायचं. अ‍ॅमट्रॅक या रेल्वे कंपनीची आहे. संध्याकाळी पाचला सुटते, दुपारी तीनपर्यंत गाडी ताब्यात द्यायची. मधे प्रवाशांसाठी एकही थांबा नाही. भरली की पाऊण मैल लांब होते. एडिसनहून लॉर्टन साडेतीन-चार तास, सॅनफर्डहून डिस्नी तासभर. म्हणजे तो फ्रेडरिक्सबर्गचा पट्टा धरून साडेआठशे मैल झोपेत.

शेवंती | १८ सप्टेंबर

अहो @गार्डाचा_डबा, तुम्ही हे काय करून ठेवलंत! मी जेवताना सहज वाचून दाखवलं. साबु रेल्वेतून रिटायर झालेत. भुसावळ, मालगाडीचे गार्ड, चौतीस वर्षं. ताट तसंच ठेवून उठले आणि टॅबलेट मागितला. रात्री अकराला मला सांगायला आले, "सूनबाई, डबे दुमजली आहेत. आणि मोटारींचे वॅगन मागे जोडतात." पार्क वगैरे आता त्यांच्या लेखी नाहीच.

नवऱ्याचं एक्सेल मात्र कोलमडलं. झोपायच्या खोल्या महाग आहेत, बसायच्या सीट त्या मानाने बऱ्या.

टोलनाका | १८ सप्टेंबर

जाताना रस्त्याने, येताना रेल्वेने. जाताना उत्साह असतो, येताना कुणी कुणाशी बोलत नसतं. एक खोली साबा-साबुंना, बाकीचे सीटवर.

चकली_फुटली | १८ सप्टेंबर

टोलनाक्याला आयुष्यात पहिल्यांदा अनुमोदन.

गार्डाचा_डबा | १९ सप्टेंबर

गाडी दिली की सकाळपर्यंत तिच्यातलं काही मिळत नाही. रात्रीचे कपडे, औषधं, लेकाची उशी हे सगळं एका वेगळ्या पिशवीत. गाडीवर एक नंबर चिकटवतात. उतरताना त्या क्रमाने येत नाही, कधी पहिली, कधी शेवटची. तासभर हातात धरा.

शेवंती | ११ नोव्हेंबर

धागा वर काढतेय. आलो. सगळे जिवंत, एक सॉक्स हरवला.

हॅलोविनच्या रात्री पोरं चॉकलेटं गोळा करून आली आणि पहाटे सव्वाचारला त्याच बादल्यांसकट व्हॅनमध्ये झोपली. दिवाळीचा उरलेला चिवडा, शंकरपाळे, साबांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी. डेलावेअरचा पूल ओलांडला तेव्हा अजून अंधार होता. @टोलनाका, वॉशिंग्टन सातला मागे टाकलं, तुमचं नाव काढलं. व्हर्जिनियात नवरा ७२ वर क्रूझ लावून बसला होता. मागून येणारे काय म्हणाले असतील ते असो.

गॅसची (म्हणजे पेट्रोलची) गंमत. जर्सीत स्वतः गॅस भरायला बंदी, म्हणून लेकीने बापाला कधी पंप धरलेला पाहिलाच नव्हता. तिने व्हिडिओ काढला. साबुंना कळेना, यात काढण्यासारखं काय आहे.

नॉर्थ कॅरोलायनात 'साऊथ ऑफ द बॉर्डर'च्या पाट्या सुरू झाल्या. मैलोगणती, प्रत्येकीवर एक भिकार विनोद. १९४९ पासूनचं ठिकाण आहे म्हणे. पोरांनी पाट्या मोजल्या, त्यामुळे 'आलं का' बंद झालं. प्रत्यक्षात तिथे मोठ्या मेक्सिकन टोपीचा मनोरा आणि फटाक्यांची दुकानं. दहा मिनिटं पुरली.

फ्लॉरेन्सला हॉटेलने (नाव देत नाही) शेजारच्या खोल्या कबूल करून एक पहिल्या आणि एक तिसऱ्या मजल्यावर दिली. साबा वर, लेक त्यांच्याबरोबर वर, लेकाचं पांघरूण खाली. त्यात त्याच रात्री हिवाळी वेळेसाठी घड्याळं एक तास मागे गेली आणि सगळे पहाटे साडेचारला टक्क जागे. राइस कुकरमध्ये मऊ भात लावला आणि मेतकूट. मग काय, सहाला रस्त्यावर.

फ्लोरिडाच्या वेलकम सेंटरला संत्र्याचा रस फुकट देतात, तो साबांना सगळ्यात आवडला. शुगर आहे म्हणून अर्धाच घेतला, असं त्या म्हणतात. सेंट ऑगस्टीनला तासभर वाकडी वाट केली. तिथे समुद्राकाठी स्पॅनिश लोकांचा सतराव्या शतकातला किल्ला आहे, शिंपल्यांच्या दगडाचा. तोफेचा गोळा त्यात फुटायच्या ऐवजी रुतून बसायचा. लढून कुणालाच घेता आला नाही, हे पाटीवर वाचल्यावर साबु म्हणाले, "म्हणजे यांचा जंजिरा." आत गेलो नाही, पण बाहेरून पूर्ण चक्कर मारली. गुडघा दुखत असताना.

पार्काबद्दल झुरमुर सविस्तर लिहील, मी निवडक लिहिते. सोमवारी मॅजिक किंगडम. लेक सेव्हन ड्वार्फ्समध्ये बसला, उतरला आणि म्हणाला, "परत नको." त्या ३९ इंचांसाठी दीड महिना बूट घालून झोपला होता. लेक मात्र रायडर स्विचमुळे तीन राइड्सना दोनदा बसली. साबुंनी ईसीव्हीला नकार दिला तो दहा वाजेपर्यंत. अकराला ते आमच्या पुढे होते आणि हॉर्न वाजवत होते.

मंगळवारी काहीच केलं नाही. पूल, खिचडी, झोप. ट्रिपमधला सगळ्यात चांगला निर्णय.

बुधवारी अ‍ॅनिमल किंगडम. सफारी छान. तिथे आशिया विभागात आनंदापूर नावाचं खोटं गाव केलंय. पोपडे उडालेल्या भिंती, गंजलेल्या सायकली, पडका राजवाडा आणि त्यात वाघ. सगळं मुद्दाम जुनं दिसेल असं बांधलेलं. साबा बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आपल्या वाड्याची भिंत अशीच झालीय. ती दुरुस्त करायला पैसे नाहीत म्हणून भाऊजी रडतात, आणि इथे पाडायला खर्च केलाय." हे मी नणंदेला पाठवलं, आता फॅमिली ग्रुपवर वाड्याचा विषय पेटलाय.

गुरुवारी गर्दी टाळायला केनेडी स्पेस सेंटरला गेलो, तासाभराच्या अंतरावर. सॅटर्न पाच रॉकेट आडवं ठेवलंय. साबुंनी त्याची लांबी पावलांनी मोजली आणि किती वॅगन होतील ते सांगितलं.

झुरमुर | ११ नोव्हेंबर

हॉर्न! :) आणि गाडी? आगगाडीचं लिही ना.

शेवंती | १२ नोव्हेंबर

लिहिते, काल लेक उठला म्हणून अर्धवट राहिलं.

शनिवारी दीडलाच सॅनफर्डला पोचलो, कारण साबु अकरापासून पायात बूट घालून बसले होते. व्हॅन वॅगनमध्ये चढताना शेवटपर्यंत बघत उभे राहिले. "चोक नीट लावताहेत," चाकांखालच्या अडसरांबद्दल एवढंच बोलले. आम्ही चौघं सीटवर, ते दोघं खोलीत. साबा नऊला झोपल्या.

मध्यरात्रीनंतर कधीतरी गाडी थांबली. मी पाणी घ्यायला उठले तर साबु जाळीच्या टोपीत, शाल गुंडाळून, आमच्या डब्याच्या खिडकीशी उभे. म्हणाले, "क्रू बदलतोय. डिझेलही भरताहेत." मी पाटी शोधली. फ्लॉरेन्स. जाताना ज्या गावात मुक्काम केला तेच. खाली फलाटावर एक माणूस बॅग खांद्याला लावून उतरला, दुसरा चढला, दोघं दोन शब्द बोलले. साबुंनी काचेतून हात वर केला. त्या माणसाने पाहिलं की नाही कोण जाणे, पण त्याचाही हात वर गेला.

सकाळी लॉर्टनला आमची व्हॅन शेवटून तिसरी आली. दुपारी अडीचला घरी.

@चकली_फुटली, नवऱ्याचं एक्सेल विमानापेक्षा एकशे वीस डॉलरनी वर गेलं. तुम्ही जिंकलात. राइस कुकर बहुतेक किसिमीच्या घरात राहिलाय. @मीठभाकर, त्या बाजूला कधी जाणं होणार आहे का?